करीमभाईंच्या अक्षरात

करीमभाई पाटी लिहायला आले की आधी लिहायचेच नाहीत. रंगाचे डबे, ब्रश, हात टेकायची काठी असं सगळं पायरीवर मांडून ठेवायचे आणि दुकानात एका कडेला पोत्यावर बसून राहायचे. चहा आला तर बशीत ओतून घ्यायचे. तास गेला, दीड तास गेला, माणूस आपला नुसता बसून. आमच्या ह्यांना पहिल्या दिवशी वाटलं, कामचुकार दिसतो. म्हणाले, पेंटर, रंग वाळून चालला की. तर करीमभाई म्हणाले, "रंग न्हाई वाळत शेट. तुम्ही गिऱ्हाईकाशी कसं बोलता ते ऐकून राहिलो."

मी भोकरहून लग्न होऊन लातूरला नवीनच आले होते. खाली डाळीचं दुकान, वर आम्ही. जिन्याच्या दारात उभी राहून मी हे सगळं बघत होते आणि पदर तोंडाला लावून हसत होते. संध्याकाळपर्यंत पाटी झाली. अक्षरं रुंद, खाली बसकी, पोट सुटलेली. हे रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघायला लागले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, माझ्यासारखीच दिसायलीत. अंगानं हे तसेच होते. करीमभाईंनी खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'करीम, लातूर' लिहिलं आणि ब्रश पुसायला घेतला.

माणूस काटकुळा. पांढरा पायजमा, त्याच्यावर इतके रंग सांडलेले की मूळ कापड शोधावं लागे. मूळचे उदगीरकडचे, म्हणून मराठी, उर्दू आणि थोडं कन्नड असं तिन्ही त्यांच्या हातात. सासरी माझे दीर मला अक्का म्हणायचे ते ऐकून त्यांनीही अक्का सुरू केलं. वयानं ते माझ्याहून थोडे मोठेच असतील, पण अक्का ती अक्का.

प्रत्येक दुकानाचं अक्षर वेगळं, ही त्यांची ठाम समजूत. बांगड्यांच्या दुकानाला गोल आणि सुटं. दवाखान्याला पातळ, जाड अक्षर बघून रोग्याला बिल मोठं येईल असं वाटतं, म्हणायचे. लातुरात क्लासेस सुरू झाले तसे क्लासवाले यायला लागले. त्यांना सगळ्यांना उंच, ताणलेली अक्षरं पाहिजेत. करीमभाई लिहून द्यायचे आणि येऊन मला सांगायचे, "अक्का, असं काढलंय की पोरगं बाहेरूनच नापास व्हावं."

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं जे काही लिहिणं-वाचणं आलं ते पाट्या वाचून आलं, हे मी कुठंही सांगते. दुपारी दुकानात गर्दी नसली की मी डाळीच्या डब्यांवर नावं लिहायची. तूर, हरभरा, मूग. एकदा करीमभाई शेजारच्या दुकानाची पाटी करत होते, ते येऊन मागं उभे राहिले. मी आधी आडवी रेघ मारायची आणि मग तिला खाली अक्षरं टांगायची, शाळेत शिकवलेलं तसं. ते म्हणाले, रेघ शेवटी मारा अक्का, आधी माणसं येऊ द्या, छप्पर नंतर. मी तसं करून बघितलं तर खरंच अक्षर मोकळं यायला लागलं. आता हे लिहिते आहे तेही तसंच. आधी अक्षरं, मग वरून एक रेघ.

त्या काळी बऱ्याच पाट्यांवर खाली उर्दूची एक ओळ असायची. जुन्या लोकांना तेवढंच वाचता यायचं. मराठी डावीकडून येते, उर्दू उजवीकडून. करीमभाई म्हणायचे, दोघी समोरासमोरून येत्यात आणि पाटीच्या मधी भेटत्यात. ती ओळ लिहिताना त्यांचा हात बदलायचा, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा फिरायचा. पुढं पुढं दुकानदार म्हणायला लागले, खालची ओळ राहू द्या, आता कोण वाचतंय. करीमभाईंनी कधी वाद घातला नाही. पाटी नव्यानं रंगवायची तर त्या जागी एक वेल काढून द्यायचे, पानं-फुलं असलेली. जागा रिकामी दिसू नये म्हणून. लातुरात जुन्या पाट्यांच्या खाली वेल दिसली की मला कळतं तिथं काय होतं. आमच्याही पाटीवर वेल आली. मीच म्हणाले होते ह्यांना, सगळ्यांनी उर्दूची ओळ काढली तर आपण तरी कशाला ठेवायची. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी एकदाच चुकले.

निवडणुका आल्या की करीमभाई महिनाभर मिळायचे नाहीत. फ्लेक्स नव्हते, सगळा प्रचार चुना, गेरू आणि निळीवर. समोरासमोरच्या दोन भिंती, दोन उमेदवार, आणि दोन्हीकडं करीमभाई. सकाळी ह्याचं नाव, दुपारी त्याचं. दोन्ही नावं वितीनं मोजून सारखी. आमचं जरा मोठं काढा म्हणून एकानं लाडीगोडी लावली तर म्हणाले, मोठं पाहिजे तर भिंत मोठी आणा. मी विचारलं, करीमभाई, मत कुणाला? ते म्हणाले, मत पेटीत, भिंतीवर नुसता हात.

एका निवडणुकीला आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर काम होतं. समोरच्या बाजूनं एक बाई उमेदवार होती. जीपमधून माणसं आली आणि त्यांनी करीमभाईंना चिठ्ठी दिली, हे लिहायचं म्हणून. चिठ्ठीत त्या बाईबद्दल घाण होती. मी वरच्या खिडकीत होते, मला सगळं ऐकू येत होतं. करीमभाईंनी चिठ्ठी वाचली, होती तशी घडी घातली आणि परत दिली.

"हे मला जमत न्हाई."

"का? मराठीच हाय की."

"मराठीच हाय. पण खाली माझं नाव घालावं लागतंय. ह्याच्याखाली घालता येत न्हाई."

"मग नको घालू नाव."

"नाव न घालता मी लिहीत न्हाई, साहेब."

त्यांतल्या एकानं कॉलर धरली. दुसऱ्यानं चुन्याच्या बादलीला लाथ घातली, आमच्या पायरीवर सगळा चुना. जीप गेली. मग करीमभाई खाली बसले आणि पोत्याच्या तुकड्यानं आमची पायरी पुसायला लागले. मी खाली आले, म्हणाले राहू द्या, मी पुसते. तर म्हणाले, माझ्यापायी सांडलंय. पुसून झालेली पायरी परत परत पुसत होते. घाबरले नव्हते असं मी म्हणणार नाही. घाबरले होते आणि तरी नाही म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दुसऱ्या पेंटरानं ते लिहून टाकलं. खाली नाव नव्हतं.

हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. म्हणून तर मला सुटका नाही.

हे गेले. डाळीचं दुकान आधीच मोडकळीला आलं होतं. माझ्या मुलानं, बसवराजनं, त्याच जागेत फ्लेक्सचं मशीन टाकलं आणि मी गल्ल्यावर बसायला लागले. लग्न, वाढदिवस, जयंती, अभिनंदन, श्रद्धांजली, रोज पंधरा-वीस फलक. आमच्यासारखी दुकानं गल्लोगल्ली झाली आणि करीमभाईंचं काम बसलं. ट्रॉलीच्या मागं नाव, रिक्षाचा नंबर, एवढंच उरलं. ते यायचे, मशीनपाशी उभे राहायचे, कापड सरसर बाहेर येताना बघायचे. राग म्हणून कधी दिसला नाही. एकदा एवढंच म्हणाले, "लई जोरात बोलतंय ओ हे मशीन. दम घेत न्हाई."

बसू म्हणाला, आई, जिल्ह्यातली सगळी दुकानं तीच पाच-सहा अक्षरं वापरतात, कंटाळलेत लोक. करीमचाचांचं अक्षर कॉम्प्युटरमधी बसवता आलं तर? चाळीस वर्षं गावानं बघितलंय ते. त्याचा एक मित्र पुण्याला असली कामं करायचा.

मी करीमभाईंना बोलावलं आणि म्हणाले, तुमची सगळी अक्षरं एकदा कागदावर लिहून द्या. ते म्हणाले, कशाला अक्का? मी म्हणाले, आठवण राहील. तुमच्यामागं असं कोण लिहिणार?

ते खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं. कॉम्प्युटरचं मी बोलले नाही. उगीच गोंधळतील, झाल्यावर दाखवू, असं मनाशी म्हणाले. आता वाटतं, ते नाही म्हणतील याची मला भीती होती.

अकरा दिवस ते आमच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून लिहीत होते. मोठे पांढरे कागद, काळा रंग. एकेक अक्षर तीन-तीन तऱ्हांनी. मी विचारलं, 'र' तीनदा कशाला? म्हणाले, शेजारी कोण बसलंय त्याच्यावर असतंय ते, माणसासारखं. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मी त्यांना शर्टाचं कापड आणि त्यांच्या घरी साडी असा आहेर केला. त्यांनी कपाळाला लावून घेतला.

अक्षरं पुण्याहून तयार होऊन आली. बसूनं विचारलं, नाव काय द्यायचं? मी म्हणाले, करीम, दुसरं काय. बसू मग म्हणाला, आई, गिऱ्हाईक यादी बघून अक्षर निवडतं. मिरवणुकांचे, जयंत्यांचे फलक असतात. नाव बघून कुणी काही बोलेल, उगीच कशाला. बसू वाईट नाही. त्याला धंदा करायचा होता. त्यानं नाव टाकलं, 'अक्का'. म्हणाला, चाचा तुलाच अक्का म्हणतात ना, म्हणजे त्यांचंच झालं. आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. यादीत माझं नाव बघून दोन-तीनदा मी पुन्हा ती यादी उघडायला लावली.

आठवड्याभरात करीमभाई सायकल घेऊन दुकानासमोर उभे राहिले. चौकात कुणाच्यातरी वाढदिवसाचा फलक लागला होता. मला वाटलं आता बोलतील. ते आत येऊन बसले आणि हसले. "अक्का, चौकात माझा 'क' भेटला. मी लिहिला न्हाई, तरी माझाच. पण शेजाऱ्याशी बोलत न्हाई तो, नुसता उभा."

मी सगळं सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, हेही मी म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं ते झालं. एकच करा. माझ्या हातानं कुणाला वाईट बोलू देऊ नका."

मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. आमच्या लिंगायतांत याच्यापुढं शपथ नाही. म्हणाले, करीमभाई, ह्याची आण, मी इथं बसलेली असताना असं होणार नाही. त्यांनी मान हलवली आणि चहा बशीत ओतला.

अक्षर मात्र पसरलं. आमच्याकडून पेनड्राइव्हवर ह्याच्याकडं, त्याच्याकडून त्याच्याकडं. नांदेडपर्यंत गेलं. लोक येऊन म्हणायचे, ते 'अक्का' टाका, घरचं वाटतंय. गावातल्या किराणा दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळं त्या हातानं लिहिलेलं. लोक वाचायच्या आधीच विश्वास ठेवायचे.

आणि म्हणूनच विरेश आला. विरेश म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. शिरूरच्या वाटेवर एका गावात आठवडी बाजार भरतो, तिथं त्याचं आणि त्याच्या मित्रांचं चालतं. बसू फ्लेक्सचे रोल आणायला नांदेडला गेला होता. दुकानात मी आणि कॉम्प्युटरवर कामाला ठेवलेली पूजा. विरेशनं मोबाइलवरचा मजकूर पूजाला पाठवला आणि मला म्हणाला, मामी, एकदा वाचून घ्या.

'आपला बाजार, आपली माणसं. बाहेरच्यांकडून काही घेऊ नका. बाहेरच्यांना जागा देऊ नका.'

मी विचारलं, बाहेरचे म्हणजे कोण रे? तो हसला. म्हणाला, मामी, तुम्हाला काय सांगायचं आता.

मला कळलं होतं. त्या बाजारात करीमभाईंची मुलगी मुमताज बांगड्या विकायची. पंधरा वर्षं तिची जागा चिंचेखाली. मी स्वतः तिच्याकडून हात भरून घेतले आहेत. नवरा लवकर गेला तिचा, दोन मुली, करीमभाईंचं काम बसलेलं. घर त्या बांगड्यांवर होतं.

मी एवढंच म्हणाले, अक्षर दुसरं टाकू या का, जाड, लांबून दिसेल. विरेश म्हणाला, "न्हाई मामी, 'अक्का'च पाहिजे. दुसऱ्या अक्षरात लोकांना वाटंल राजकारण हाय. ह्यात वाटतंय गावच बोलायलंय."

माझ्या अंगावर कुणी आलं नव्हतं. कॉलर धरली नव्हती. डोक्यावर पंखा होता, समोर माझ्या नणंदेचा मुलगा. नाही म्हणायला काय लागत होतं? नणंद चार दिवस बोलली नसती, एवढंच. मी हो म्हणून मान हलवली. गळ्यात लिंग होतं, त्याच्यावर पदर होता.

पूजानं विचारलं, अक्का, खाली दुकानाचं नाव नेहमीसारखं घालू ना?

मी म्हणाले, "नको. ह्याच्यावर नको घालू."

बघा, हे मी म्हणाले. कुणी सुचवलं नाही, विरेशही नाही. आमचं नाव मी काढून घेतलं आणि त्यांचा हात तसाच ठेवला. पुढं कुणी मला म्हणालं की तुमच्या लक्षात आलं नसेल, घाईत झालं असेल, तर मला ही ओळ आठवते. लक्षात आलं नसतं तर नाव कशाला काढलं असतं?

बाजाराच्या दिवशी मुमताजच्या जागेवर दुसऱ्याचं पाल होतं. ती फोन करून रडली म्हणून करीमभाई रिक्षा करून बांगड्यांच्या पेट्या आणायला गेले. फलक बाजाराच्या तोंडालाच लावलेला. तिथं त्यांनी वाचला. किंवा वाचायच्या आधी ओळखला असेल.

मला हे कळलं ते आमचे रोल पोचवणाऱ्या रिक्षावाल्याकडून. तो करीमभाईंच्या गल्लीतला. पेट्या आणायला त्याचीच रिक्षा गेली होती. रोल उतरवता उतरवता म्हणाला, देखो अक्का, बुढापे में करीमचाचाने क्या किए. अपनेच लोगों के खिलाफ लिखके दिए, खुद की बेटी का धंदा डुबाए. पैशासाठी केलं असं सगळी गल्ली म्हणत होती. फलकावर खाली कुणाचं नाव नव्हतं ना. नाव नसलं तरी हात कुणाचा ते सगळ्यांना कळत होतं. कॉम्प्युटरमधलं अक्षर आणि हातचं अक्षर यांतला फरक कुणाला ठाऊक?

मी म्हणाले, असं का.

एवढंच म्हणाले. रिक्षावाला समोर उभा होता. त्यालाच सांगितलं असतं, बाबा ते आम्ही छापलं, चाचांनी ब्रशसुद्धा उचलला नाही, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. मी त्याला पाणी दिलं. तो गेला.

उद्या जाऊ, म्हणत राहिले. बसूला कळल्यावर तो माझ्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्यानं ते अक्षर आमच्या कॉम्प्युटरमधून काढून टाकलं. त्याच महिन्यात भोकरला माझ्या भाचीचं लग्न होतं. मांडवाच्या दारात स्वागताचा फलक, 'अक्का'मध्येच. पुसणार कुठून कुठून? बाजारातला तो फलक पुढं कुणीतरी काढून नेला आणि सोयाबीनच्या ढिगावर झाकायला घातला, अक्षरं वरच्या बाजूला. आम्ही बसनं जाताना मला तो दिसला. 'जागा देऊ नका' एवढंच दिसत होतं.

चार महिने असे गेले. मग एक दिवस धीर करून मी त्यांच्या घरी गेले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मुमताज आणि मुलींना घेऊन नांदेडला गेले, तिकडं तिचा दीर असतो. मी तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. ती चांगली बाई. तिनं ऐकलं आणि म्हणाली, अब बोलते तुम? वो तो गए.

गेल्या हिवाळ्यात मी नांदेडला गेले. बसू येतो म्हणाला, मी नको म्हणाले. पत्ता विचारत विचारत बाजारात पोचले. दुपार टळली होती. मुमताज हातगाडीवर बांगड्या विकत होती, एका बाईच्या हातात चढवत होती. बाजूला स्टुलावर करीमभाई. खूप वाळले होते. मला बघून उठले, स्टूल माझ्यापुढं सरकवलं आणि चहाला सांगायला निघाले. मी त्यांचा हात धरून बसवलं आणि मुमताजला म्हणाले, पोरी, ते तुझ्या वडिलांनी लिहिलं नव्हतं. आम्ही छापलं. मी वाचून छापायला दिलं.

मुमताजनं हात थांबवला नाही. शेवटची बांगडी चढवून झाली, गिऱ्हाईक गेलं, मग बोलली. "मैं पूछी थी अब्बा को, तुम लिखे क्या. बोले, हाथ तो मेराच है. बस. तुम्हारा नाम नई लिए." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चार महिना गल्ली में कोई सलाम नई किया इनकू. नमाज को जाते थे तो बाजू की जगा खाली रहती थी. तुम तब कहाँ थे अक्का?"

मी कुठं होते? दुकानात. गल्ल्यावर.

करीमभाई तिला म्हणाले, जाने दे, घर आए हैं. मी म्हणाले, करीमभाई, माझं नाव का नाही सांगितलं? त्यांनी गाडीवर विस्कटलेल्या बांगड्या सारख्या केल्या. मग म्हणाले, "काय सांगू? मशीननं लिहिलं म्हणू? मशीनला कुणी शिकवलं? अकरा दिवस मीच बसून शिकवलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बसमध्ये काहीतरी घेऊन जाता आलं असतं.

मी तुमच्या गल्लीत सांगून आले, मशिदीतल्या लोकांनाही सांगते, तुम्ही परत चला, असं मी बोलत राहिले. ते ऐकत होते, चहा पीत होते. मग म्हणाले, तुमची बस चुकेल. आणि मला रिक्षापर्यंत सोडायला उठले.

तेव्हा माझं लक्ष गाडीकडं गेलं. त्या रांगेत वीस-पंचवीस हातगाड्या असतील. प्रत्येकीच्या पुढच्या फळीवर काही ना काही लिहिलेलं, कुणाचं नाव, कुणाच्या देवाचं, कुणाच्या पोरीचं. मुमताजची फळी कोरी. छान हिरवा रंग दिलेला, दोन हात दिलेले दिसत होते, कडा अगदी सरळ. पण वर काही नाही. मी विचारलं, हिच्यावर लिहिलं नाही?

ते म्हणाले, "माझा हात लोक ओळखतात, अक्का."

रिक्षा सुरू झाली. मी मागं वळून बघितलं. करीमभाई गाडीपाशी परत गेले होते. हा माणूस रस्त्यावर कधी मोठ्यानं बोललेला मी ऐकला नव्हता. आता ते एक हात फळीवर ठेवून, मान वर करून, जाणाऱ्या बायकांना हाका मारत होते. मुमताज बांगडी, मुमताज बांगडी. आवाज बसका होता, गर्दीत पुरत नव्हता. दोन बायका थांबल्या. त्यांनी पुन्हा नाव सांगितलं.